राजपुत्राची जखम आणि मधात भिजवलेली वात

गणेशोत्सवात श्रींची प्राणप्रतिष्ठा झाली की पूजेत पंचामृत येते. दूध, दही, तूप, मध आणि साखर ही त्यातली पाच अमृते आपल्या मुलांनाही पाठ असतात. यातला मध देवघरापुरता राहत नाही. खोकला झाला की आल्याच्या रसातून मध, घसा बसला की कोमट पाण्यातून मध, आणि हाताला चटका बसला की आजी त्यावर मधाचे बोट फिरवायची, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मुलांना मात्र ही गावाकडची समजूत वाटते. डॉक्टर वेगळे, आजी वेगळी, असे त्यांचे साधे गणित असते.

म्हणूनच या वर्षीच्या स्मरणिकेसाठी याच देशातली एक हकिगत निवडली आहे. ती सहाशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिचा नायक इंग्लंडचा एक फार प्रसिद्ध राजा आहे. पाचवा हेन्री म्हटले की मुलांना शाळेतले शेक्सपिअरचे नाटक आठवते आणि मोठ्यांना लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४४ सालचा चित्रपट. पण हा राजा सोळाव्या वर्षीच मरणाच्या दारातून परत आला होता, आणि त्याला परत आणणाऱ्या उपचारात मधाचा मोठा वाटा होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मॉनमथचा मुलगा

हेन्रीचा जन्म वेल्सच्या सीमेवरील मॉनमथच्या किल्ल्यात १३८६ च्या सुमारास झाला. नेमक्या सालाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. जन्माची नोंद काटेकोरपणे ठेवावी एवढे त्याचे महत्त्वच तेव्हा नव्हते. त्याचे वडील हेन्री बोलिंगब्रोक हे मोठे सरदार होते, पण राजे नव्हते. गादीवर त्यांचा चुलतभाऊ दुसरा रिचर्ड होता. आई मेरी डी बोहन १३९४ मध्ये बाळंतपणात वारली, तेव्हा हा थोरला मुलगा जेमतेम सात-आठ वर्षांचा होता.

१३९८ मध्ये राजाने बोलिंगब्रोकला हद्दपार केले आणि मुलाला आपल्याजवळ ठेवून घेतले. म्हटले तर पाहुणा आणि म्हटले तर ओलीस, अशी त्याची अवस्था होती. रिचर्ड त्याला १३९९ मध्ये आयर्लंडच्या मोहिमेवर घेऊन गेला आणि तिथे त्याने त्याला सरदारकीचा मानही दिला. राजा असा दूर असतानाच बोलिंगब्रोक परदेशातून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. वडिलांच्या मृत्यूनंतर जप्त झालेली आपली वतने परत घेण्यासाठी तो आला होता, पण बघता बघता सारा देश त्याच्या बाजूला गेला. रिचर्ड पदच्युत झाला, बोलिंगब्रोक चौथा हेन्री म्हणून सिंहासनावर बसला आणि त्याचा मुलगा एका वर्षात प्रिन्स ऑफ वेल्स झाला.

मान मोठा, पण वेल्स शांत नव्हते. १४०० मध्ये ओवेन ग्लिंडूर याने तिथे बंडाचे निशाण उभारले. राजपुत्राचे शिक्षण पुस्तकांपेक्षा डोंगरातल्या स्वाऱ्या, वेढे आणि पगार थकलेले सैनिक यांच्यातच झाले. त्याच्यावर लक्ष ठेवायला अनुभवी माणसे नेमली होती. त्यात हॉटस्पर या टोपणनावाने गाजलेला हेन्री पर्सी होता, आणि हॉटस्परचा चुलता थॉमस पर्सीही होता. उत्तरेकडच्या या पर्सी घराण्याने बोलिंगब्रोकला गादी मिळवून द्यायला मदत केली होती. पुढे पैशांवरून, कैद्यांवरून आणि मानपानावरून त्यांचे राजाशी बिनसले. १४०३ च्या उन्हाळ्यात हॉटस्परने बंड पुकारले आणि थॉमस पर्सीही त्याला जाऊन मिळाला. ज्यांनी लढाई शिकवली, त्यांच्याशीच लढण्याची वेळ सोळा वर्षांच्या मुलावर आली. महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्याला हा प्रसंग अनोळखी वाटू नये.

श्रूजबरीचा बाण

२१ जुलै १४०३ रोजी श्रूजबरी शहराच्या उत्तरेला सुमारे तीन मैलांवर दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. त्या जागेला आजही बॅटलफील्ड असेच नाव आहे. लढाईत पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून पुढे बांधलेले चर्चही तिथे उभे आहे.

इंग्लंडच्या लांब धनुष्याची कीर्ती तेव्हा साऱ्या युरोपात होती. माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहून उंच असे हे धनुष्य ओढायला लहानपणापासून सराव लागे. आजवर हे बाण परक्यांवर पडत आले होते. श्रूजबरीला दोन्ही बाजूंना इंग्रज तिरंदाज होते, आणि हॉटस्परच्या बाजूला तर चेशायरचे नामांकित धनुर्धर. त्या दिवशी बाणांच्या वर्षावात माणसे पटापट कोसळली.

राजपुत्राकडे सैन्याची एक बगल होती. लढाई चालू असतानाच एक बाण त्याच्या चेहऱ्यात, नाकाच्या बाजूला डोळ्याखाली घुसला. बरोबरच्यांनी त्याला मागे नेण्याचा प्रयत्न केला, पण तो रणांगण सोडायला तयार झाला नाही. संध्याकाळपर्यंत हॉटस्पर मारला गेला आणि राजाची बाजू जिंकली. शेक्सपिअरने आपल्या नाटकात ही जखम अगदी किरकोळ करून टाकली आहे. खरी जखम तशी नव्हती. बाणाची काडी ओढून काढताना निघून आली, पण लोखंडी टोक आतच राहिले. ते सुमारे सहा इंच खोल, कवटीच्या मागच्या हाडात जाऊन रुतले होते. मेंदू आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांना ते चुकवून गेले हे नशीबच म्हणायचे. पण एवढ्या खोल आणि अरुंद जखमेत गंजके लोखंड, माती, कापडाचे धागे अडकून पडले की ती सडणार, हे तेव्हाच्या वैद्यांनाही माहीत होते.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. शस्त्रक्रियेला आपण शल्यक्रिया म्हणतो आणि सर्जनला शल्यविशारद. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाण किंवा काटा. सुश्रुतसंहितेत शल्य बाहेर कसे काढावे यावर स्वतंत्र अध्याय आहे. महाभारतात शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधन बाण काढण्यात तरबेज असे वैद्य घेऊन येतो आणि भीष्म त्यांना सन्मानाने परत पाठवतात. म्हणजे रुतलेला बाण काढणे हीच आपल्याकडे शस्त्रक्रियेची मूळ ओळख होती. इंग्लंडच्या राजपुत्राला त्या उन्हाळ्यात अशाच एका शल्यविशारदाची गरज होती.

केनिलवर्थचे ते दिवस

जखमी राजपुत्राला वॉरिकशायरमधल्या केनिलवर्थच्या किल्ल्यात नेण्यात आले. कॉव्हेन्ट्रीजवळचा हा किल्ला आज भग्नावस्थेत असला तरी पाहण्यासारखा आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुलांना घेऊन तिथे जाऊन आली असतील. तिथे अनेक नामांकित वैद्य जमले. काढे आणि लेप लावून टोक आपोआप बाहेर येईल असे त्यांनी सांगितले, पण कोणालाच यश आले नाही. शेवटी लंडनहून जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्याला बोलावणे गेले.

ब्रॅडमोर हा विद्यापीठात शिकलेला पंडित नव्हता. त्या काळी वैद्य वेगळे आणि हाताने काम करणारे शल्यवैद्य वेगळे, आणि मान पहिल्यांना अधिक. पण ब्रॅडमोरचे हात कुशल होते आणि डोके शांत होते. त्याने घाई केली नाही. सहा इंच आत रुतलेले टोक काढायचे तर आधी तिथपर्यंत वाट हवी, आणि ती वाट कापून नव्हे तर हळूहळू रुंद करून मिळवायची असे त्याने ठरवले.

त्यासाठी त्याने एल्डर नावाच्या झाडाच्या फांदीतला मऊ गाभा घेतला. तो चांगला वाळवला आणि त्याच्या सळया करून त्या स्वच्छ तागाच्या कापडात शिवून घेतल्या. आपल्या समईतल्या जाड वातीसारख्या दिसणाऱ्या या सळया त्याने गुलाबाच्या मधात भिजवल्या. गुलाबाचा मध म्हणजे गुलाबाच्या पाकळ्यांत मुरवलेला मध. आपल्या गुलकंदाचा चुलतभाऊच म्हणा ना. पहिली वात बारीक, दुसरी थोडी जाड, तिसरी त्याहून जाड, असे करत तो ती बाणाच्याच वाटेने आत सारत गेला. वाट रुंद होत गेली आणि त्याच वेळी जखमेच्या तळापर्यंत मध पोहोचत गेला. जखमेत वात ठेवण्याची ही रीत सुश्रुतालाही माहीत होती. त्याने सांगितलेल्या जखमेच्या साठ उपचारांत वर्ती, म्हणजेच वात, हा एक उपचार आहे, आणि मध व तूप तर त्यात जागोजागी येतात. ब्रॅडमोरने सुश्रुताचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. पण दोन दूरच्या देशांतल्या जाणत्या माणसांना एकाच अनुभवाने एकाच वाटेवर आणले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वाट तयार झाल्यावर ब्रॅडमोरने एक हत्यार बनवले. तो एक लहान, पोकळ चिमटा होता. त्याची जाडी बाणाएवढी आणि मधून आट्यांचा स्क्रू जात असे. बाणाची काडी जिथे बसते ती टोकाची खोबण रिकामी होती. चिमटा बाण गेला होता त्याच तिरक्या दिशेने आत घालायचा, त्याचे तोंड खोबणीत बसवायचे आणि स्क्रू फिरवून ते आतून फाकवायचे, म्हणजे टोक पक्के धरले जाते, अशी ही युक्ती होती. आजच्यासारखी भूल तेव्हा नव्हती. ब्रॅडमोरने चिमटा पुढे-मागे हलवत, थोडे थोडे करत ते टोक ओढून काढले. भोवती उभे असलेले सरदार आणि सेवक यांनी देवाचे आभार मानले, असे तो स्वतः लिहून गेला आहे.

खरे काम त्यानंतरचे

बाण निघाला म्हणजे राजपुत्र वाचला असे नव्हते. लढाईत जागेवर न मेलेली माणसे पुढे जखम चिघळून मरत. ब्रॅडमोरने पिचकारीने पांढरी वाइन सोडून जखम आतून धुतली. मग जवसाच्या तंतूंचे बोळे एका मलमात भिजवून आत ठेवले. हे मलम भिजवून गाळलेला पांढरा पाव, जवाचे पीठ, मध आणि टर्पेंटाइन यांचे होते. दर दुसऱ्या दिवशी तो बोळे बदले आणि प्रत्येक वेळी ते थोडे आखूड करी. त्यामुळे जखम तळापासून वर भरत आली. वरची कातडी आधी मिटली आणि आत पू राहिला असे झाले नाही. वीस दिवसांत जखम स्वच्छ झाली. त्यानंतर मांस भरून यावे म्हणून त्याने दुसरे मलम लावले.

या साऱ्या काळात त्याला सर्वात मोठी भीती होती ती आचक्यांची. आज आपण ज्याला धनुर्वात म्हणतो त्याची लक्षणे तशीच असतात. म्हणून तो रोज सकाळ-संध्याकाळ राजपुत्राच्या मानेला तेलकट मलम चोळून वर गरम लेप ठेवी. धनुर्वात त्याने टळला असता असे आजचे शास्त्र म्हणणार नाही. पण रोग्याकडे दिवसातून दोनदा पाहणारे, हात लावून तपासणारे कोणीतरी आहे, याचे मोल कमी नाही.

मग यात मधाचे काम काय? आज आपल्याला ते बरेचसे समजले आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर आणि जेमतेम १७-१८ टक्के पाणी असते. एवढ्या घट्ट साखरेत जंतूंच्या अंगातलेच पाणी ओढले जाते आणि ते वाढू शकत नाहीत. लोणचे किंवा मुरंबा टिकतो तसेच हे आहे. मध आंबटही असतो, आणि बहुतेक जंतूंना आंबटपणा मानवत नाही. तिसरी गोष्ट अधिक नवलाची. मधमाशी मधात एक विकर मिसळते. जखमेतल्या ओलाव्याने मध पातळ झाला की हे विकर जागे होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू, थोडे थोडे तयार करत राहते. बाटलीतले औषध एकदम ओतल्यावर जंतूंबरोबर शरीराच्या पेशीही भाजतात. मधातले मात्र झिरपत राहते. शिवाय मधामुळे जखम ओलसर राहते आणि पट्टी काढताना नवे मांस उपटले जात नाही. ब्रॅडमोरला जंतू माहीत नव्हते, विकर माहीत नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की मध घातलेली जखम सडत नाही.

पण मध एकटा काही करू शकला नसता. लोखंड आत राहिले असते तर कितीही मध ओतून उपयोग नव्हता. आधी शल्य काढणे, मग धुणे, मग तळापासून भरून आणणे आणि वीस दिवस नेमाने पट्टी बदलणे, हा क्रम होता म्हणून मधाला काम करता आले. या हकिगतीतला खरा धडा तोच आहे.

राजा हेन्री

राजपुत्र बरा झाला. चेहऱ्यावर खूण राहिली असणार, पण त्याचे जे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे ते त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने काढलेले असून त्यात एकाच बाजूचा चेहरा, आणि तोही निष्कलंक, दिसतो. ब्रॅडमोरला राजाने वर्षासन बांधून दिले. पुढची काही वर्षे हेन्री वेल्समध्येच लढत राहिला आणि ग्लिंडूरचे बंड त्याने हळूहळू मोडून काढले.

१४१३ मध्ये वडील वारले आणि तो पाचवा हेन्री म्हणून राजा झाला. तरुणपणी तो उनाड होता आणि मुकुट चढताच सुधारला, अशा कथा पुढे रंगल्या आणि नाटकातून अमर झाल्या. कागदपत्रांत दिसणारा हेन्री मात्र लहान वयातच जबाबदारीत बुडालेला, शिस्तीचा आणि धार्मिक वृत्तीचा माणूस आहे.

१४१५ मध्ये त्याने फ्रान्सवर स्वारी केली. हार्फ्लर बंदराला वेढा पडला असतानाच त्याच्या छावणीत हगवणीची साथ पसरली. शत्रूपेक्षा तिनेच अधिक माणसे नेली. शहर पडले, पण उरलेले सैन्य थकलेले, आजारी आणि थोडे होते. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अ‍ॅजिनकोर्ट येथे त्याहून मोठ्या फ्रेंच सैन्याने त्यांची वाट अडवली. पावसाने झालेल्या चिखलात फ्रेंच सरदार अडकले आणि इंग्रज तिरंदाजांनी त्यांची दाणादाण उडवली. ज्याला स्वतःला बाणाने मरणाच्या दारात नेले होते, त्याच राजाला बाणांनीच सर्वात मोठा विजय मिळवून दिला. या मोहिमेवर जाताना त्याने थॉमस मॉर्स्टीड या शल्यवैद्याशी करार करून त्याला मदतनिसांसह बरोबर घेतले होते. जखमी सैनिकाला शल्यवैद्य मिळाला पाहिजे हे या राजाला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याचे चरित्र सांगताना काळी बाजू झाकून चालणार नाही. अ‍ॅजिनकोर्टला त्याने शरण आलेल्या कैद्यांना ठार मारण्याचा हुकूम दिला. १४१८-१९ च्या रूआँच्या वेढ्यात शहरातून बाहेर काढलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायकामुलांना त्याने पुढे जाऊ दिले नाही, आणि ती माणसे खंदकात उपाशी मेली. दुखणे स्वतः सोसलेला माणूस दुसऱ्याचे दुखणे जाणतोच असे नाही, हेही या चरित्रातून दिसते.

त्याच्या कारकिर्दीतली एक गोष्ट मराठी माणसाला विशेष जवळची वाटेल. त्याच्या आधी राजाचा पत्रव्यवहार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चाले. फ्रान्समधल्या मोहिमांवरून हेन्रीने आपली पत्रे इंग्रजीत पाठवायला सुरुवात केली आणि राज्यकारभारात लोकांच्या भाषेला स्थान मिळू लागले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यामागची दृष्टी अशीच होती.

१४२० मध्ये ट्रॉयचा तह झाला. फ्रान्सच्या राजाची मुलगी कॅथरीन हिच्याशी हेन्रीचे लग्न झाले आणि फ्रान्सच्या गादीचा वारस म्हणून त्याला मान्यता मिळाली. ६ डिसेंबर १४२१ रोजी विंडसरला मुलगा झाला. तेव्हा हेन्री फ्रान्समध्ये लढत होता. तो पुन्हा इंग्लंडला आलाच नाही. वेढ्याच्या छावणीत त्याला आजार जडला, बहुधा हगवणच, आणि ३१ ऑगस्ट १४२२ रोजी पॅरिसजवळच्या वँसेन येथे तो मरण पावला. वय अवघे पस्तीस. आपल्या मुलाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याची समाधी आहे.

कवटीपर्यंत गेलेल्या बाणातून वाचलेला राजा अस्वच्छ पाण्याने पसरणाऱ्या रोगाने गेला. जखमेसाठी त्या काळाकडे ब्रॅडमोर होता. हगवणीसाठी कोणीच नव्हते.

ब्रॅडमोरची वही

ब्रॅडमोर त्याआधीच, १४१२ मध्ये वारला होता. आपल्या अनुभवांचा फिलोमेना नावाचा लॅटिन ग्रंथ त्याने लिहून ठेवला आणि त्यात राजपुत्राच्या जखमेची हकिगत क्रमाने दिली. बाण कुठे लागला, किती खोल गेला, वाती कशाच्या केल्या, मलमात काय घातले, किती दिवस लागले, हे सारे त्यात आहे. त्याच्या हत्याराची आकृतीही हस्तलिखितात आहे. पंधराव्या शतकातच या मजकुराचे इंग्रजी रूप झाले. हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपण आज हे सांगू शकतो ते केवळ त्याने लिहून ठेवले म्हणून. आपल्या किती आज्यांचे आणि गावोगावच्या किती वैद्यांचे ज्ञान न लिहिल्यामुळे त्यांच्याबरोबर गेले, याचा हिशोब कोण करणार?

मधाची कहाणी मात्र तिथे संपली नाही. १९४० नंतर पेनिसिलिन आणि इतर प्रतिजैविके आली आणि मध मागे पडला. पुढे या औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णालयांत दिसू लागले, तेव्हा संशोधक पुन्हा मधाकडे वळले. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांनी मानुका मधावर आयुष्यभर काम केले. इकडे कार्डिफमध्येही प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर मधाचे प्रयोग झाले. आणि आपल्या सोलापुरात, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास करून १९९१ मध्ये तो ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना तेव्हाचे प्रचलित चांदीयुक्त मलम लावले होते. मध लावलेल्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या आणि लवकर भरल्या असे त्यांना आढळले. २००४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये निर्जंतुक मधाच्या पट्ट्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागल्या. केनिलवर्थची वात सहाशे वर्षांनी सरकारी दवाखान्यात परत आली म्हणायची.

तरीही मध म्हणजे रामबाण नव्हे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की मधल्या खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही गुण येतो. पण पायावरच्या जुनाट शिरांच्या जखमांना त्याचा खास फायदा दिसला नाही आणि इतर अनेक जखमांबद्दल पुरावा अपुरा आहे.

घरासाठी चार गोष्टी

हे वाचून कोणी स्वयंपाकघरातली मधाची बरणी घेऊन जखमेवर ओतू नये, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. दुकानातला मध खाण्यासाठी असतो. त्यात काही जंतूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो आणि तो पट्टीच्या किंवा नळीच्या रूपात मिळतो. कोणत्या जखमेला तो लावायचा हे परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारावे.

आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे बूट चावला तरी कळत नाही. भारतातून आलेले आई-वडील कशाला मुलांना त्रास, म्हणून जखम लपवतात, हळद किंवा मध लावून मोज्यात झाकून ठेवतात. पायाच्या अशा जखमेत दिवस घालवले तर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. अशी जखम दिसली की त्याच दिवशी जीपीला फोन करावा. लाली वर चढत असेल, ताप असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल तर मुळीच थांबू नये. ब्रॅडमोर आधी शल्य काढत असे आणि मध नंतर, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट बारशाला जमणाऱ्या आजी-आजोबांसाठी. नवजात बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची आपली जुनी प्रथा आहे. पण मधातले तेच बीजाणू एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात वाढून गंभीर आजार करू शकतात. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबही देऊ नये. पूजेतले पंचामृतही बाळाला बोटाने चाटवू नये. संस्कार करायचाच असेल तर नुसती सोन्याची अंगठी ओठांना लावून आशीर्वाद द्यावा. देव भावाचा भुकेला आहे.

पुढच्या वेळी केनिलवर्थच्या किल्ल्यात किंवा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये जाल तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. त्या भिंतींच्या आत राजा वाचला तो मंत्राने नाही आणि नुसत्या मधानेही नाही. एका कारागिराच्या स्थिर हाताने, वीस दिवसांच्या नेमाने आणि आपल्या आजीच्या फडताळात असायचा त्याच मधाने तो वाचला. आजी आणि डॉक्टर यांच्यात वैर नाही हे मुलांना पटले तर आजीचे ज्ञान ती टाकून देणार नाहीत, आणि डॉक्टरांकडे जायला उशीरही करणार नाहीत.

विघ्नहर्त्या गणरायाने आपणा सर्वांना निरोगी आयुष्य द्यावे आणि योग्य वेळी योग्य उपाय करण्याची बुद्धी द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!